वस्तऱ्याचा दगड

उमरीच्या शिवारात दगडाला तोटा नाही. विहीर खणा, काळा कातळ लागतो. बांधावर तोच, घराच्या जोत्यातही तोच. पूर्वेला बिलोली-देगलूरच्या अंगाला निघाले की ग्रॅनाइटचे गुलाबी-करडे गोटे दिसू लागतात. शेतकरी विळा, खुरपे, कुऱ्हाड असल्याच एखाद्या दगडावर पाणी मारून घासतो आणि कामाला लागतो. वस्तऱ्याला मात्र यातला एकही चालत नाही. काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यातले कण एका मापाचे नसतात आणि एकसारखे कडकही नसतात. ग्रॅनाइटचे कण तर नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते की असा एक कण लागला तरी टवका उडतो. विळ्याला टवका चालतो, गालाला चालत नाही.

त्यामुळे हज्जामाच्या धोकटीतला दगड आमच्या भागात नेहमी परगावाहून आला. आमच्या आजोबांच्या काळात नांदेड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि उमरीला रेल्वे होती. कात्री, वस्तरा, वाटी, दगड, सगळे हैदराबादच्या बाजारातून यायचे. या दगडाला मराठीत निसणा म्हणतात. आमच्या घरात त्याचे नाव सिल्ली. दादाजींची सिल्ली अब्बांकडे आली, अब्बांची आम्हा दोघा भावांकडे. करडी, गुळगुळीत, वीतभर लांब. वस्तरा आधी सिल्लीवर फिरवायचा, मग चामड्याच्या पट्ट्यावर, आणि शेवटी तळहातावर चार-सहा वेळा पाजळायचा. लहानपणी अब्बांच्या तळहाताचे आम्हाला फार आश्चर्य वाटे. इतकी वर्षे वस्तरा फिरला, पण हात कधी कापला नाही. वस्तरा पाठीच्या दिशेने ओढला तर कापत नाही, धारेच्या दिशेने ढकलला तर कापतो, एवढेच त्यातले गुपित.

आमच्या धंद्याच्या नावाबद्दलही थोडे सांगायला हवे. आज ‘हज्जाम’ हा शब्द कोणी चिडवायला वापरतो, कोणी टाळतो. मुळात तो अरबी आहे आणि त्याचा अर्थ हिजामा करणारा, म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणारा. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी अबू तैबा नावाच्या हज्जामाकडून हिजामा करून घेतला, त्याला मोबदला म्हणून एक साअ खजूर देवविले आणि त्याच्या मालकांना त्याच्यावरचा बोजा कमी करायला सांगितले, हे सहीह बुखारीत आले आहे. आपले पुष्कळ केशकर्तनकार बांधव हजरत सलमान फारसी (र.) यांच्या नावावरून स्वतःला सलमानी म्हणवतात. धार लावणाऱ्यांचेही तसेच. पश्चिम महाराष्ट्रात शिकलगार आडनावाची मुस्लिम घरे आहेत. तो शब्द सैकल म्हणजे शस्त्राला पॉलिश यावरून आला. म्हणजे दगड आणि पोलाद यांची आपल्या समाजाशी ओळख जुनी आहे. फक्त आपण ती मोठ्याने सांगत नाही.

दाढी-कटिंगपुरताच हा वस्तरा नव्हता. पूर्वी गावोगावी खतनाही हज्जामच करत. त्या कामाचा वस्तरा दादाजी वेगळा ठेवत आणि आदल्या रात्री सिल्लीवर लावत, असे अम्मा सांगते. आता खतना डॉक्टर करतात आणि तेच योग्य आहे. दुकानातला वस्तराही गेला. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद 1986 साली चेन्नईत झाली. पुढच्या काही वर्षांत ही भीती गावोगावच्या सलूनपर्यंत पोचली आणि अर्धे ब्लेड घालायचा वस्तरा सगळीकडे आला. एक गिऱ्हाईक, एक ब्लेड, मग ते डब्यात. आम्ही दुकान हातात घेतले तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या गालाला जुना वस्तरा लावलेला नाही आणि लावणारही नाही. हाजी लोकांचे हलक करणाऱ्या न्हाव्यांनाही सौदी सरकारचा हाच नियम आहे, प्रत्येक डोक्याला नवे ब्लेड. एचआयव्ही आणि कावीळ ब दोन्ही रक्तातून पसरतात. वस्तरा फडक्याने पुसला म्हणजे स्वच्छ झाला असे होत नाही.

मग दगडाची गरज आम्हाला पुन्हा का पडली? तर घरात बाळ आले. धाकट्याला मुलगी झाली. सातव्या दिवशी अकीका करायचा विचार होता, पण बाळाला कावीळ झाली आणि सातवा दिवस दवाखान्यात निळ्या दिव्याखाली गेला. अल्लाहच्या मेहरबानीने ती बरी होऊन घरी आली आणि चौदावा दिवस ठरला. सातवा साधला नाही तर चौदावा, तोही नाही तर एकविसावा, असे आपल्याकडे करतात. मुलगी म्हणून एक बकरा, जावळ काढायचे, जावळाच्या वजनाइतकी चांदी सदका द्यायची आणि नाव ठेवायचे. हजरत फातिमा (र.) यांनी आपल्या बाळांच्या केसांच्या वजनाची चांदी दान केली होती, तिथून ही रीत आली.

जावळ कशाने काढायचे, यावर घरात दोन मते झाली. बाळाच्या आईने नर्सिंग केले आहे. ती म्हणाली, “ज्या पात्याने दुसऱ्या कुणाचं रक्त पाहिलंय ते माझ्या लेकीच्या डोक्याला लागणार नाही.” अम्मा म्हणाली, “अर्ध्या ब्लेडचे कोपरे टोकदार असतात. मान हलली की कोपरा रुततो. वस्तऱ्याचं टोक गोल करता येतं, ब्लेडचं येतं का?” आम्ही दोघे हातात रोज ब्लेड धरणारे, दोघींचेही खरे होते. ब्लेड पातळ असते आणि लवते. वस्तऱ्याला वजन असते, तो आपल्या वजनाने सरकतो, हाताने दाबावे लागत नाही. चौदा दिवसांच्या बाळाची टाळू भरलेली नसते, तिथे हाडात फट असते. तिथे जोर द्यायचाच नाही, आणि बोथट पात्याला जोर दिल्याशिवाय केस निघत नाही. म्हणून बोथट वस्तरा हा धारदार वस्तऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. ज्याने रोज शंभर वेळा धार पाहिली त्यालाच हे पटते. बाकीच्यांना उलटे वाटते.

तोड अशी निघाली की या बाळासाठी कोरा वस्तरा आणायचा. तो दुसऱ्या कुणालाही लागणार नाही, तिच्याच नावाने राहील. पण कोरा वस्तरा कारखान्यातून येतो तो बहुतेक वेळा दाढीच्या कामाचा नसतो. पात्याला आकार असतो, धार अर्धीमुर्धी असते. ती दगडावर आणावी लागते. आणि अब्बांची सिल्ली? तिचा मध्य घासून घासून घोड्याच्या खोगिरासारखा खोल गेला होता. अशा दगडावर पाते सपाट बसत नाही आणि धार कुठे लागते, कुठे लागत नाही. शिवाय दोन पिढ्यांचे तेल आणि मळ तिच्यात मुरलेला. बाळाच्या वस्तऱ्यासाठी ती नको, हे आम्ही अम्माला न दुखावता सांगितले. ती म्हणाली, “मी कुठं हो म्हणतेय? तुमच्या अब्बांनीही नको म्हटलं असतं.”

दगड निवडायला आमच्याकडे आठ दिवस होते. सुरुवात घराजवळून केली. हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा काळा दगड मिळतो, एक बाजू जाड, एक बारीक. लोक त्याला कार्बोरंडम म्हणतात. हे सिलिकॉन कार्बाइड; एडवर्ड ॲचेसन या अमेरिकन माणसाला ते 1891 साली भट्टीत कृत्रिम हिरा करू पाहताना सापडले. आपल्याकडेही घासण्या-कापण्याच्या दगडांचा धंदा जुना आहे. उरणजवळ मोरा इथे 1941 मध्ये ग्राइंडवेलचा कारखाना सुरू झाला, मद्रासला 1954 मध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल. असला काळा दगड विळीला, सुरीला, कसायाच्या सत्तूरला उत्तम. पण त्याच्या बारीक बाजूचा कणही वस्तऱ्याच्या मानाने खडाच. त्याच्यावर नवा वस्तरा घासणे म्हणजे मलमलीवर करवत चालवणे.

दगडांबद्दल वाचताना एक गोष्ट कळली ती इथे सांगतोच, कारण आम्हाला तिचा अभिमान वाटला. कुरुंद हा शब्द आपल्याला माहीत आहे. हिऱ्याखालोखाल कडक असलेला तो दगड दक्षिण भारतात निघे. तमिळ-तेलुगूतल्या त्याच्या नावावरून इंग्रजांनी त्याला कोरंडम केले. आज जगभर धार लावायचे बहुतेक पांढरे, तपकिरी दगड याच पदार्थाचे, फक्त कारखान्यात केलेले. अमेरिकेत ‘इंडिया’ नावाचा एक तेलाचा दगड शंभरावर वर्षे विकला जातो तो त्यामुळेच. आपण मात्र तो शब्द विसरून कार्बोरंडम म्हणतो.

मोठ्याच्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. त्याने मोबाइलवर जगभरचे दगड दाखवले. बेल्जियमच्या आर्डेन डोंगरातला पिवळसर कोटिक्यूल, ज्यात गार्नेटचे बारीक कण असतात आणि ते पोलाद हलकेच कापतात. जपानमध्ये क्योटोजवळच्या खाणींतले दगड, गाळ थिजून झालेले. अमेरिकेतला अर्कान्सासचा दगड. हे तिन्ही निसर्गाचे आणि तिन्ही नावाजलेले. मुलाचे म्हणणे, घेतलाच तर असा घ्या. आम्ही नाही म्हटले, आणि ते फक्त पैशासाठी नाही. खाणीतला दगड एकासारखा दुसरा नसतो. तो हातात घेऊन, ओला करून, त्यावर पाते फिरवून निवडायचा असतो. दादाजींनी तसा निवडला असेल. आम्ही उमरीत बसून चित्रावरून तो कसा निवडणार? कारखान्यातल्या दगडाचे तसे नाही. त्यावर आकडा असतो आणि चांगल्या कारखान्याचा आकडा खरा असतो.

आकडा म्हणजे कणाचा बारीकपणा. आकडा मोठा तितका कण लहान. 1000 च्या दगडातला कण साधारण 12 मायक्रॉनचा, 8000 च्या दगडातला सव्वा मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस ढोबळ मानाने 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. 1000 वर धारेचा उतार तयार होतो, म्हणजे दोन्ही बाजू एका रेषेत मिळतात. ते झाले नाही तर पुढचा कितीही महागडा दगड फुकट. 4000 वर 1000 च्या ओरखड्यांची समजूत घालायची. 8000 वर धार गालाजोगी होते. 12000 पर्यंत जाणारे लोक आहेत. आमच्या मते चामड्याचा पट्टा चांगला असेल तर 8000 नंतर थांबले तरी चालते.

पण आकडा खोटाही असतो. नांदेडला एका दुकानात बिननावाचे हिरवे-पांढरे दगड होते, एकावर 3000 लिहिलेले, एकावर 10000. किंमत दोघांची जवळपास सारखी. आम्ही खिशात सोनाराचे भिंग घेऊन गेलो होतो. दुकानदाराच्याच जुन्या सुरीचे पाते दोन्हींवर चार-चार वेळा फिरवले आणि भिंगातून पाहिले. ओरखडे सारखेच जाड. दुकानदारही हसला, आम्हीही हसलो, दगड ठेवून निघालो. वाचकांपैकी कुणाला घरच्या सुरीसाठीही दगड घ्यायचा असेल तर हे भिंग जवळ असू द्या. सोनाराकडे दहापट मोठे दिसणारे मिळते. शिवाय दगडाच्या पृष्ठावर नख फिरवून पाहा. मध्येच एखादा खडा लागला तर तो दगड परत द्या. तोच खडा उद्या धारेला टवका पाडणार.

शेवटी हैदराबादेतल्या ओळखीच्या सलूनवाल्यामार्फत दोन जपानी बनावटीचे दगड मागवले, एक 1000 चा आणि एक दोन बाजूंचा, 4000 आणि 8000. दोन्ही आठ इंच लांब, जवळपास तीन इंच रुंद. रुंदी महत्त्वाची. वस्तऱ्याचे पाते तीन इंचांच्या आसपास असते. दगड रुंद असला की सारी धार एकाच हालचालीत दगडावरून जाते. दोन्ही पाण्याचे, तेलाचे नाहीत. बाळाच्या डोक्याला लागणाऱ्या पात्यावर तेलाचा वास नको, असे तिच्या आईनेही सांगितले होते. 1000 चा दगड वापरण्याआधी पाण्यात ठेवावा लागतो, बुडबुडे थांबेपर्यंत. बारीक दगडाला नुसता शिंतोडा पुरतो.

नवा दगड सपाट असतो हा समज आहे. दुकानातून आलेला दगडही तपासावा. आम्ही त्यावर शिसपेन्सिलीने चौकटी आखल्या, खिडकीची जाड काच घेतली, तिच्यावर पाण्याचा पॉलिश पेपर चिकटवला आणि दगड त्यावर घासला. चौकटीच्या रेषा सगळीकडून एकदम पुसल्या गेल्या तर दगड सपाट. आमच्या 1000 च्या दगडाची एका कोपऱ्यातली रेषा उशिरापर्यंत टिकली, म्हणजे तेवढा खोलगट होता. दहा मिनिटांत तो बरोबर झाला.

वस्तरा लावायची रीत सोपी आहे, फक्त घाई चालत नाही. सुरीसारखा कोन धरायचा नसतो. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात; कोन किती हे वस्तरा बनवणाऱ्यानेच पाठीच्या जाडीत ठरवून दिलेले असते. दगडावर धार पुढे ठेवून जायचे, पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून. पालटताना पाठीवरून पालटायचे, धारेवरून कधीच नाही. जितके फेरे इकडून तितके तिकडून. जोर वस्तऱ्याच्या वजनाएवढाच. आम्ही दुकान बंद केल्यावर रोज रात्री अर्धा तास बसत होतो. चौथ्या रात्री दंडावरचे केस कातडीला न टेकता कापले जाऊ लागले. मग अम्माच्या म्हणण्याप्रमाणे पुढचे टोक 4000 च्या दगडाच्या कडेवर हलकेच चार-पाच वेळा फिरवून गोल केले. अम्माने अंगठ्याच्या नखावर ते टोक टेकवून पाहिले आणि मान हलवली.

चौदाव्या दिवशी सकाळी वस्तरा 20 मिनिटे उकळून घेतला. त्याची मूठ मुद्दामच पोलादाची घेतली होती. जुन्या शिंगाच्या किंवा लाकडी मुठी उकळत्या पाण्यात टिकत नाहीत. बाळ दूध पिऊन झोपेत होते. कोमट पाण्याने डोके ओले केले, आईने मान धरली, आमच्यातल्या मोठ्याने बिस्मिल्लाह म्हणून कानामागून सुरुवात केली. केस जसे वाढतात तशाच दिशेने, टाळूवर फक्त वस्तऱ्याचे वजन. सारे मिळून पंधरा मिनिटे लागली असतील. एक थेंब रक्त आले नाही. बाळ एकदाच रडले, तेही पाणी गार झाले म्हणून. जावळ कागदात घालून त्याच सोनाराकडे नेले ज्याचे भिंग आणले होते. दीड ग्रॅमही भरले नाही. बाळाच्या आईने चांदी पाच ग्रॅमची दिली. कमी नको म्हणाली.

त्याच दिवशी बकऱ्याच्या सुरीलाही 1000 च्या दगडावर धार दिली, आणि ती गोठ्यापासून लांब, घरामागे बसून. सहीह मुस्लिममध्ये हजरत शद्दाद बिन औस (र.) यांच्याकडून आलेली हदीस आपण बकरीदच्या खुतब्यात ऐकतो, की अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान लागू केला आहे, म्हणून जबह करणाऱ्याने सुरी धारदार करून घ्यावी आणि जनावराला त्रास होऊ देऊ नये. जनावरासमोर सुरी पाजळू नये, हेही दुसऱ्या हदीसमध्ये आले आहे. अकीक्याच्या दिवशी गल्लीतल्या दोघा-तिघांनी ती सुरी चालताना पाहिली. त्यानंतर कोण कोण सुऱ्या घेऊन येते याचा आता हिशेब राहिलेला नाही.

त्यांना आम्ही एवढेच सांगतो. कुर्बानीच्या सुरीला 1000 चा दगड पुरे, 4000-8000 ची गरज नाही. त्याहून गुळगुळीत धार चामडीवर सरकते. बकरीदच्या आठ दिवस आधी सुरी आणून द्या, आदल्या रात्री नको. तेव्हा सगळ्यांच्याच येतात. गंजलेली सुरी आधी घरी घासून आणा. आणि सुऱ्यांसाठी आम्ही 1000 चा दुसरा दगड घेतला आहे. सुरीचे पाते दगडात घळी पाडते, त्या दगडावर वस्तरा पुन्हा टेकवता येत नाही. वस्तऱ्याचे दोन्ही दगड धुऊन सावलीत वाळवून फडक्यात गुंडाळून अम्माच्या कपाटात ठेवले आहेत, पोरीच्या नावाच्या वस्तऱ्याशेजारी. सिल्लीही तिथेच आहे. आता मोठ्या भाभीच्या लेकीला दिवस गेलेत. तिच्यासाठी आणखी एक कोरा वस्तरा मागवलाय, तो पुढच्या आठवड्यात हैदराबादहून येईल.